रूट सर्टिफिकेटसाठी मशीनच्या पीसीला नेट जोडायचं का?

उद्यमबागवाला:
आमच्याकडं बेळगावात उद्यमबाग, मच्छेच्या शॉपमध्ये अजून विंडोज ७ चे पीसी चालू आहेत. पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर किंवा त्याच्या आधी लागणारं मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट ४.८ टाकायला गेलं की सर्टिफिकेटचा एरर येतो आणि सेटअप तिथंच अडकतो. सेटअप खराब नसतो हो. त्याची डिजिटल सही मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या रूटखालची, म्हणजे ज्याच्यावर बाकीच्या सह्यांचा भरवसा ठरतो त्या मूळ सर्टिफिकेटखालची असते आणि ज्या पीसीला कधी नेटच लागलं नाही त्याच्यात ते रूट आलेलं नसतं. यावर हल्ली जो तो मोबाईलचा हॉटस्पॉट जोडून मोकळा होतोय. माझं मत, जोडू नका. सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं दुसऱ्या पीसीवर उतरवा, स्कॅन केलेल्या पेनड्राइव्हनं न्या, थंबप्रिंट, म्हणजे सर्टिफिकेटची ओळख पटवणारा लांब कोड जुळवा, मगच टाका.

अथणीकर:
बोलायला काय जातंय. गळीत हंगामात रात्री पीसी बदलायची पाळी आली, गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागलीय, तिथं थंबप्रिंट कोण जुळवत बसणार? हॉटस्पॉट लावला की विंडोज आपलं आपण रूट घेतंय, ते पण मायक्रोसॉफ्टकडनंच. आणि पेनड्राइव्ह काय सोवळ्यातला आहे? पीएलसीवर हल्ला करणारा तो स्टक्सनेट व्हायरस त्याच्यातनंच पसरला की.

उद्यमबागवाला:
होय, पसरला, म्हणूनच स्कॅन म्हटलं. पण त्याच स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर रियलटेक या चिपवाल्या कंपनीच्या चोरलेल्या सर्टिफिकेटची सही होती, ते पण बघा. पीसीनं कुणाची सही मानायची ते रूटच्या यादीवर ठरतंय, तिथं कुठलं पण घुसलं तर त्याच्या खालचं सगळं खरं वाटणार. आणि विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, असला पीसी तुम्ही नेटवर नेताय आणि तोच पीएलसीला जोडलेला आहे.

निपाणीचा फिटर:
दोघांचं राहू दे, पेनड्राइव्हनं टाकून पण एरर जाईना म्हणणारे लई भेटतात. विंडोज ७ मध्ये फाइलवर डबल क्लिक करून नेक्स्ट नेक्स्ट केलं की ते त्या यूजरपुरतंच बसतंय. एमएमसी, म्हणजे विंडोजचं सेटिंगचं कन्सोल उघडून सर्टिफिकेट्समध्ये कॉम्प्युटर अकाउंट घ्या आणि ट्रस्टेड रूटमध्ये इंपोर्ट करा. त्याच्या आधी घड्याळ बघा, बोर्डाची बॅटरी गेलेली असली की तारीख मागं जाते आणि चांगलं सर्टिफिकेट पण चालत नाही.

अथणीकर:
हे कामाचं सांगितलंत. पण आमच्यात आयटीचा माणूसच नाही, इलेक्ट्रिशियनच सगळं बघतोय. रात्री त्याला एमएमसी कुठनं जमणार, तो हॉटस्पॉटच लावणार, आणि मी त्याला चूक म्हणणार नाही.

उद्यमबागवाला:
मग रात्रीवर ठेवताच कशाला? बॉयलर पेटायच्या आधी नेट असलेल्या विंडोज १० वर त्यातल्याच सर्टयुटिल या सर्टिफिकेटच्या टूलची जनरेट एसएसटी फ्रॉम डब्ल्यूयू कमांड चालवली की मायक्रोसॉफ्ट मानतंय ती सगळी रूट एकाच फाइलमध्ये येतात. ती फाइल आणि केबी४४७४४१९ हा विंडोज ७ ला शा-२ या नव्या प्रकारची सही ओळखायला लावणारा अपडेट एका पेनड्राइव्हवर घालून पॅनेल रूमच्या कपाटात कुलपात ठेवा, आणि इलेक्ट्रिशियनला ऑफ सीझनमध्ये एकदा स्वतःच्या हातानं करू द्या.