मदत हवी आहे: देवनागरी वेबफॉन्ट छाटला की जोडाक्षरं तुटतात, नाही तर फाइल लहान होत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळते. पुस्तकांची यादी, महिन्याची नवी खरेदी आणि सभासदांनी लिहिलेले पुस्तक-परिचय, एवढंच तिच्यावर आहे. बघणारे जवळपास सगळे मोबाइलवर बघतात आणि खालच्या आळीत रेंजच्या दोन काड्या आल्या तरी नशीब. पान उघडतं, पण अक्षरं उमटायला फार वेळ लागतो. शोधल्यावर कळलं की भार वेबफॉन्टचा, म्हणजे पानासोबत उतरणाऱ्या अक्षरांच्या फाइलचा आहे. एका वेटची (म्हणजे अक्षराच्या एका जाडीची) वॉफ२ या वेबफॉन्ट-प्रकारातली फाइल १४८ केबी, आणि मी चार वेट लावले होते.

‘न लागणारी अक्षरं काढून टाका’ असं सगळीकडे वाचलं, म्हणून एका ऑनलाइन टूलमध्ये साइटचा मजकूर चिकटवला. फाइल १९ केबीची झाली! पण पानावर ज्ञानेश्वरीची ‘ज्‌ञानेश्वरी’ आणि अर्थचा ‘अर्‌थ’ झाला. एका आजोबांनी फोन करून विचारलं, की मराठी पुस्तकांच्या साइटवर मराठी अशी का? फार वाईट वाटलं.

मग संगणकावर फॉन्टटूल्स हा फॉन्ट हाताळायचा टूलसंच टाकला आणि त्यातल्या पायएफटीसबसेट या छाटणीच्या टूलने छाटणी केली. पुन्हा काही तुटू नये म्हणून लेआउट-फीचर्सच्या (अक्षरं जोडण्या-बदलण्याच्या नियमांच्या) पर्यायात तारा (*), म्हणजे ‘सगळं ठेव’, दिला. जोडाक्षरं नीट आली, पण फाइल १३१ केबी. चार दिवसांनी ‘बालवाङ्मय’ असा नवा विभाग टाकला, तर त्या शब्दातला ‘ङ्म’ फोनच्या दुसऱ्याच फॉन्टमध्ये दिसला. आधीच्या मजकुरात ङ कुठेच नव्हता.

अक्षरं काढूनही फाइल उतरत का नाही? आणि काही न तोडता ती लहान करता येते का?

प्रतिसाद १

ताई, देवनागरीत अक्षरं थोडी आणि आकृत्या फार. युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाने, देवनागरीला १२८ जागा दिल्यात, यू+०९०० ते यू+०९७एफ. रोजच्या मराठीला त्यातल्या सत्तर-ऐंशी पुरतात. फॉन्टमध्ये मात्र अर्धे क-ग-त, रफार, रकार, जोडाक्षरं, कमी-जास्त रुंदीच्या वेलांट्या अशा शेकडो आकृत्या असतात. कोणत्या अक्षरांपासून कोणती आकृती करायची, हे जीसब नावाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या ऑनलाइन टूलने तो तक्ताच टाकून दिला असणार, म्हणून जोडाक्षरं सुटी झाली.

पायएफटीसबसेट उलट वागतं. ठेवलेल्या अक्षरांपासून जी जी आकृती होऊ शकते, ती सगळी ते राखतं. क, त, र, य राहिले की त्यांची सगळी जोडकामं राहिली. ङ काढून तुम्ही मूठभर आकृत्या वाचवल्या आणि वाङ्मय गमावलं. म्हणून अक्षरं मोजत बसू नका, देवनागरीचा तो पट्टा अख्खा ठेवा. सोबत रुपयाचं चिन्ह ठेवा, आणि झेडडब्ल्यूजे व झेडडब्ल्यूएनजे ही दोन न दिसणारी चिन्हंही, म्हणजे यू+२००डी आणि यू+२००सी. काही कीबोर्ड ‘ऱ्य’ लिहिताना र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे वापरतात, काही नुक्त्याचा ऱ. दोन्ही चालले पाहिजेत, नाही तर सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होईल.

आता तो तारा काढा. शोभेची पर्यायी रूपं त्यामुळेच आत येतात. भारतीय लिप्यांना लागणारी फीचर्स हे टूल स्वतःहून राखतं. मग नो-हिंटिंग हा पर्याय द्या. हिंटिंग म्हणजे अक्षर पडद्याच्या ठिपक्यांवर नीट बसवायच्या सूचना, त्या कमी दाट पडद्यांसाठी असतात, हल्लीच्या मोबाइलवर फरक दिसत नाही. वाचनालयात जुना विंडोज संगणक असेल, तर त्यावर एकदा बघून घ्या. आणि चार वेट कशाला? साधा आणि ठळक पुरे.

धागाकर्ती

तुम्ही म्हणालात तसं केलं. १३१ वरून ९४ केबी! दोनच वेट ठेवले. याहून खाली जाता येईल का?

प्रतिसाद २

जाता येईल. हार्फबझ हे मजकुरातल्या अक्षरांच्या आकृत्या जुळवणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या एचबी-शेप या टूलला साइटचा सगळा मजकूर द्या. प्रत्यक्ष वापरलेल्या आकृत्यांची नावं ते सांगतं. तेवढीच यादी पायएफटीसबसेटला द्यायची आणि नो-लेआउट-क्लोजर लावायचं, म्हणजे होऊ शकणाऱ्या बाकीच्या आकृत्या ते स्वतःहून राखत नाही. एचबी-शेपला भाषा मराठी आहे हे सांगायला विसरू नका, नाही तर ल आणि श हिंदी वळणाचे येतील आणि आपले यादीतून गळतील.

तरी पुस्तकांच्या यादीच्या पानांसाठी मी हे करणार नाही. उद्या कुणी नवं जोडाक्षर लिहिलं की पायमोडकं दिसणार. वाचनालयाच्या नावाची पाटी वेगळ्या फॉन्टमध्ये असेल, तर तिथे बिनधास्त करा. तो मजकूर बदलत नाही.

प्रतिसाद ३

एक गोष्ट हमखास निसटते. लॅटिन अक्षरांची फाइल वेगळी केली असेल, तर मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अवतरणचिन्हं देवनागरीच्या फाइलमध्येही घ्या आणि तिच्या युनिकोड-रेंजमध्ये (ही फाइल कोणत्या अक्षरांसाठी, हे ब्राउझरला सांगणाऱ्या सीएसएसच्या ओळीत) लिहा. लॅटिन फाइलच्या रेंजमधून ती वगळा. नाही तर पानावर एकही इंग्रजी शब्द नसताना निव्वळ मोकळ्या जागेसाठी ब्राउझर दुसरी फाइल उतरवतो.

फॉन्ट ओएफएल या खुल्या फॉन्ट-परवान्याचा असेल तर परवाना वाचा. नाव राखीव ठेवलेलं असेल, तर छाटलेल्या फॉन्टला वेगळं नाव द्यावं लागतं.

धागाकर्ती

मोकळ्या जागेचं अगदी तसंच होत होतं! आणि मराठी ल-श बघायला गेले, तर तयार थीममध्ये पानाची भाषाच हिंदी लिहिलेली होती. पानाची भाषा सांगणाऱ्या लँगमध्ये एमआर, म्हणजे मराठी, केलं, आणि त्याच फाइलमधून आपला ल आला. इतके दिवस तो फॉन्टमध्ये होता आणि मी दाखवतच नव्हते.

फाइल चढवण्याआधी तपासायला शब्द जमवतेय: वाङ्मय, दऱ्या, ऱ्हास, तत्त्व, उज्ज्वल, हृद्य, द्वंद्व, कर्तृत्व, राष्ट्र, ज्ञानेश्वरी, चाञ्चल्य, ॲप, ऑक्टोबर, ₹. अडणारे आणखी शब्द सुचले तर कृपया खाली लिहा. शनिवारी खालच्या आळीत जाऊन त्या आजोबांच्याच फोनवर उघडून बघणार आहे.