कुटुंबाच्या धुण्यासाठी डिटर्जंटला पर्याय : रिठा, सोडा आणि कापडात उरणारा मळ

निर्झर

आमच्या घरात दोन लहान मुलांसह पाच माणसे आहेत आणि गेले वर्षभर आम्ही डिटर्जंट पूर्ण बंद ठेवून रिठा, धुण्याचा सोडा आणि पांढऱ्या कपड्यांचे डाग घालवण्यापुरती सोडियम पर्कार्बोनेटची पावडर एवढ्यावरच धुणे भागवले आहे. आपल्या मोरीतून जे पाणी बाहेर पडते ते पुढे कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर असते, आणि सुगंध किंवा कपड्याला चकाकी देणारी द्रव्ये अशा निव्वळ हौसेच्या गोष्टी त्यात सोडण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मला मनापासून वाटते. ही चकाकी देणारी द्रव्ये कपडा स्वच्छ करतच नाहीत. ती अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे पिवळट पडलेले कापडही डोळ्यांना पांढरे दिसते. रिठ्याची टरफले बी काढून पाण्यात उकळावीत, गाळून घ्यावीत आणि ते पाणी वापरावे. ते दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून थोडेथोडेच करावे लागते. पर्कार्बोनेटचे पाण्यात धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि पेरॉक्साइडचे शेवटी पाणी व प्राणवायू. इतके साधे साहित्य हाताशी असताना डिटर्जंटचा आग्रह कशासाठी धरायचा?

सुफेन

आपली कळकळ मान्य करूनही मला आपला निष्कर्ष पटत नाही, कारण धुणे म्हणजे मळ सोडवणे एवढेच नव्हे, तर सुटलेला मळ पाण्यात धरून ठेवणे आणि पाण्याबरोबर बाहेर घालवणे हेही त्याचे तितकेच मोठे काम आहे. रिठ्यातील सॅपोनिन या साबणासारख्या द्रव्यामुळे फेस येतो, पण फेस हे स्वच्छतेचे माप नाही. अंगाचे तेल, चिखल आणि अन्नाचे डाग यांच्यापुढे सॅपोनिन फार कमी पडते, आणि सुटलेला मळ पुन्हा त्याच कापडावर बसतो. साबणाकडे परत जावे, तर जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो धाग्यांत अडकतो. डिटर्जंट पुढे आले त्याचे मोठे कारण हेच आहे.

एक प्रयोग सुचवतो. वर्षभर रिठ्यावर धुतलेला एक टॉवेल कडकडीत गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आणि डिटर्जंट घालून चार तास भिजत ठेवा आणि मग पाण्याचा रंग पाहा. टॉवेल पांढराच घ्या, नाहीतर सुटलेल्या रंगालाच मळ समजण्याची चूक होईल.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्याची पद्धतही सर्रास सांगितली जाते, म्हणून तिच्याविषयी लिहितो. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, बुडबुडे येतात आणि मागे सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते, ज्याचा धुण्यासाठी काही उपयोग नाही. व्हिनेगर क्लोरीनच्या ब्लीचमध्ये मात्र चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. घरात मुले असताना ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असलीच पाहिजे.

मऊसूत

माझ्या मुलीला त्वचेचा जुना त्रास आहे, त्यामुळे मी निर्झर यांच्या बाजूने उभी राहीन असे मलाच वाटत होते. प्रत्यक्षात रिठ्याने आमचा प्रश्न सुटला नाही. सुगंध नसलेले द्रव डिटर्जंट, तेही पूर्वीच्या निम्म्याने, आणि शेवटी एक जादा खळबळणे, एवढ्याने तिची रात्रीची खाज पुष्कळ कमी झाली. आम्ही आधी मोजमाप न करता पावडर ओतत होतो आणि उन्हात वाळलेल्या चादरीवर हात फिरवला की ती कागदासारखी कडक लागत असे. तो कडकपणा सगळाच पावडरीचा असेल असे नाही, पण मात्रा कमी केल्यावर तो निम्मा झाला, हे खरे.

पाणवठा

नैसर्गिक म्हणजे पाण्याला निरुपद्रवी, हे गृहीतच मला मान्य नाही. सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून पाण्यात टाकायच्या आणि गुंगलेले मासे गोळा करायचे, ही मासेमारीची रीत जगाच्या अनेक भागांत जुनी आहे, कारण सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर घाव घालते. पुरेसे पातळ झाल्यावर आणि विघटन झाल्यावर धोका ओसरतो, पण तोच न्याय मग डिटर्जंटलाही लावला पाहिजे.

डिटर्जंटचा इतिहास निर्मळ नाही, हे मीही विसरत नाही. 1950 च्या दशकात त्यात वापरल्या जाणाऱ्या फांद्या फुटलेल्या रेणूंचे जिवाणूंकडून नीट विघटन होत नसे आणि नद्यांवर फेसाचे थर साचत. 1960 च्या दशकात सरळ साखळीचे रेणू आले तेव्हा ते थर ओसरले. फॉस्फेटमुळे शैवाल माजते आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, म्हणून युरोपीय संघाने 2013 च्या मध्यापासून घरगुती धुण्याच्या डिटर्जंटमधील फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली. हा बदल नियमांनी झाला, एकेका घराने रिठे उकळून तो झाला नसता. म्हणून विकत घेताना फॉस्फेट नाही ना हे वाचणे, पाणी तापवणे टाळणे आणि यंत्र पूर्ण भरल्याशिवाय न लावणे याला मी अधिक महत्त्व देतो. यंत्र पाणी तापवत असेल, तर त्याच्या विजेचा बहुतेक वाटा त्या तापवण्यातच जातो.

निर्झर

पाणवठा यांचा नियमांचा मुद्दा खरा आहे, पण नियम येईपर्यंत घराने हातावर हात ठेवून बसावे, हे मला मान्य नाही.

सुफेन यांनी सांगितलेला प्रयोग मी केला. टॉवेल पांढरा होता. चार तासांनी पाणी फिक्या चहासारखे झाले आणि पिळल्यावर बादलीच्या तळाशी करडा गाळ बसला. ओला झाला की त्या टॉवेलला कुबट वास येत असे आणि आम्ही दोष दमट हवेला देत होतो. तो वास आता गेला आहे. टॉवेल, चादरी आणि मुलांचे गणवेश यांच्या बाबतीत माझे म्हणणे चुकले होते.

लोकर आणि रेशीम यांच्यासाठी मात्र मी रिठाच वापरणार, कारण त्यांचे धागे प्रथिनांचे असतात. धुण्याच्या सोड्यासारखे तीव्र अल्क त्यांना खराब करते आणि प्रथिनांचे डाग तोडणारी एन्झाइम असलेले डिटर्जंट तर त्या धाग्यांवरच चालून जाते. घामाने नुसते ओलसर झालेले रोजचे सुती कपडेही रिठ्यावर चांगले निघतात, असा माझा अनुभव आहे.

सुफेन

लोकर आणि रेशमाबद्दल माझा विरोध नाही. घामाच्या कपड्यांबद्दल मात्र आहे, कारण घामातले क्षार साध्या पाण्यातही विरघळतात. तिथे श्रेय रिठ्याला द्यायचे की पाण्याला, हे नुसते पाणी वापरून पाहिल्याशिवाय ठरणार नाही.

निर्झर

म्हणून एकाच दिवशी वापरलेले तीन सारखे सदरे घेतले: एक नुसत्या पाण्यात, एक रिठ्यात आणि एक निम्म्या मात्रेच्या, सुगंध नसलेल्या डिटर्जंटमध्ये. घामाचा वास तिन्हींचा गेला. कॉलरच्या आतली तेलकट रेघ पहिल्या दोन्हींत जवळजवळ सारखीच राहिली आणि तिसऱ्यात पुसट झाली. अशा कपड्यांसाठी पुढचा महिना मी नुसते पाणी वापरून पाहणार आहे आणि कॉलरपुरता डिटर्जंटचा एक थेंब बोटाने चोळणार आहे.