मदत हवी आहे: सुवर्णयुगातली जहाजांची आणि चाच्यांची कॉमिक्स – वाचनाचा क्रम आणि चांगले स्कॅन

नमस्कार मंडळी,

अमेरिकन कॉमिक्सच्या सुवर्णयुगातल्या, म्हणजे ढोबळमानाने १९३८ ते १९५५ च्या आसपासच्या, सागरी साहसकथा सध्या झपाटल्यासारख्या वाचतोय. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या मूळ कथेतले सिंग चाचे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. माझी गोडी तिथलीच. पण आता कथेपेक्षा चित्रांत जास्त जीव अडकलाय, कारण मी टाक-शाईने जहाजं काढायला शिकतोय.

पहिली अडचण क्रमाची. चित्रकार विल आइसनरची 'हॉक्स ऑफ द सीज' ही चित्रमालिका १९३६ ते १९३८ या काळातली. आइसनर तेव्हा जेमतेम विशीत होता आणि 'विलिस रेन्सी' या नावाने सही करायचा. (रेन्सी म्हणजे आइसनरची अक्षरं उलट्या क्रमाने.) नायक 'हॉक' हा गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा दर्यावर्दी. ही पानं फीचर फनीज आणि जम्बो कॉमिक्स या दोन वेगळ्या मासिकांत आली, त्यामुळे एकामागून एक वाचायला गेलं की कथेचा धागा तुटतो. किचन सिंक प्रेसने १९८६ मध्ये मालिकेचं एकत्रित पुस्तक काढलं होतं. ते ज्यांनी वाचलंय त्यांनी कृपया सांगा: त्यात कथा सलग लागते का? की मासिकांतली पानं शेजारी ठेवावीच लागतात?

दुसरी अडचण स्कॅनची, आणि माझ्यासाठी हीच मोठी. क्वालिटी कॉमिक्सचं 'बकनीअर्स' १९५०-५१ मध्ये निघालं, अंक १९ ते २७. (नव्याने वाचणाऱ्यांनी पहिले १८ अंक शोधत बसू नये. आधीच्या 'किड इटर्निटी'चेच क्रमांक पुढे चालवलेत. नव्या मासिकासाठी टपालाचा सवलतीचा परवाना पुन्हा काढायचा खर्च वाचवायला तेव्हाचे प्रकाशक असं सर्रास करत.) यात रीड क्रँडलने 'कॅप्टन डेअरिंग' काढलाय. शिडांची फुगवट, दोरखंडांची जाळी, लाटेच्या पोटातली सावली, सगळं बारीक समांतर रेषांतून उभं केलेलं. मला त्याच्या रेषांची जाडी कुठे वाढते आणि कुठे संपते हे बघायचंय.

डिजिटल कॉमिक म्युझियम आणि कॉमिक बुक प्लस या साइट्सवर या काळातले, प्रताधिकाराचं नूतनीकरण न झालेले अंक मोफत वाचता येतात. पण तिथे एकाच अंकाचे कधीकधी दोन-तीन स्कॅन असतात. मायक्रोफिशवरून (म्हणजे पानांच्या अतिलहान फोटोंच्या फिल्मवरून) घेतलेल्या प्रतीत रंग जातात आणि क्रँडलच्या रेषा मिसळून काळा डाग होतो. कागदावरून केलेल्या स्कॅनमध्ये पान पिवळं दिसतं, रंग थोडे सरकलेले असतात, पण शाई शाबूत असते. मला ते पिवळं पानच हवंय. उजळून पांढरीशुभ्र केलेली पानं वाचायला बरी असली तरी त्यात बारीक रेषा आधी मरतात. 'बकनीअर्स'च्या नऊच्या नऊ अंकांचे चांगले कागदी स्कॅन कुणी बघितलेत का? त्या काळी पान साधारण साडेसात बाय सव्वादहा इंच असायचं. फोनवर काहीच कळत नाही. दहा इंची टॅबलेट पुरेल, की मोठा मॉनिटरच घ्यावा?

शेवटचा प्रश्न ईसी कॉमिक्स या प्रकाशकाच्या 'पायरसी' मासिकाबद्दल. १९५४-५५ मधले फक्त सात अंक, पण क्रँडल, वॉली वुड, जॅक डेव्हिस, क्रिगस्टाइन अशी चित्रकार मंडळी एका जागी. कॉमिक्स कोडचा (प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या सेन्सॉरच्या नियमांचा) बडगा उगारला जात असताना हे निघालं, आणि माझ्या मते जहाजावरच्या माणसांचे चेहरे इतके खरे दुसऱ्या कुठल्याच कॉमिकमध्ये नाहीत. याचे हक्क अजून राखीव आहेत, त्यामुळे पुस्तक विकतच घ्यायचंय. चोरट्या पीडीएफच्या लिंक कृपया देऊ नयेत. रस कॉक्रन या प्रकाशकाची जुनी कृष्णधवल आवृत्ती मूळ चित्रांवरून छापलेली आहे, डार्क हॉर्स प्रकाशनाची रंगीत. रेषेचा अभ्यास करायचा तर मन कृष्णधवलकडे ओढतंय, पण ती जुन्या बाजारात परदेशातूनच मिळणार, वर पोस्टखर्च आणि कस्टम्स. अशी जुनी पुस्तकं भारतात मागवलेल्यांनी पॅकिंग आणि खर्चाचा अनुभव लिहावा.

यांपैकी कुठलंही पुस्तक पुण्यात किंवा मुंबईत कुणाकडे असेल, तर विकत घेण्याआधी दोन-चार पानं प्रत्यक्ष बघायला मिळाली तर फार उपकार होतील. मी येऊन तिथेच बसून बघेन.

आगाऊ धन्यवाद.