शब्दचर्चा : ‘अधिक’ आलं की बेरीजच का?

प्रश्न : दुसरीतल्या लेकीच्या वहीतलं शाब्दिक उदाहरण. ‘मीनाकडे ८ मणी आहेत. ते रमाच्या मण्यांपेक्षा ३ने अधिक आहेत. तर रमाकडे किती मणी?’ लेकीने ८ + ३ मांडून ११ लिहिले. विचारलं तर म्हणे, ‘अधिक लिहिलंय की!’ चिन्हाचं नाव अधिक आणि तुलनेचा शब्दही अधिक. ‘जास्त’ लिहिलं असतं तर घोळ टळला असता का?

– नसता टळला. ‘जास्त’ दिसलं तरी मुलं मिळवून मोकळी होतात. मेख ‘पेक्षा’त आहे. ‘पेक्षा’ रमाला लागलंय, म्हणजे इथे कमी तिच्याकडे. लेकीला वाक्य उलटं बोलायला लावा : ‘रमाकडे मीनापेक्षा ३ने कमी.’ आणि तो ‘ने’ सोडू नका. ‘८ अधिक ३’ ही बेरीज, ‘३ने अधिक’ हा फरक. प्रत्यय एवढासा, पण उदाहरण फिरवतो. गंमत म्हणजे + आणि − छापलेली सर्वांत आधी आढळतात ती योहानस विडमनच्या १४८९ सालच्या व्यापारी हिशोबाच्या जर्मन पुस्तकात, आणि तिथेही ती वाढ-तूट दाखवायलाच आली होती!

– ‘वजा’चंही तेच. आपण शिकवतो ‘आठातून पाच गेले, राहिले तीन’. पण ‘मीनाकडे ८, रमाकडे ५, मीनाकडे किती जास्त?’ यात जातंय काय? माझ्या वर्गातला एक मुलगा यावर अडूनच बसला : ‘कोणी कोणाला दिलंच नाही, मग वजा कशाला?’ बरोबर होतं त्याचं. मग मण्यांच्या दोन ओळी एकाखाली एक लावल्या, जोड्या जुळवल्या. वरच्या ओळीत ३ बिनजोडीचे राहिले, ते त्याने बोट ठेवून मोजले.

आता हे बघा : ‘काही मणी होते. ३ दिले, ५ उरले. आधी किती होते?’ ‘दिले’, ‘उरले’ दोन्ही वजाबाकीच्या घरचे, आणि करायची बेरीज. ‘एकूण आलं की मिळवा, उरले आलं की वजा करा’ असा तक्ता मी पूर्वी भिंतीवर लावायचे. काढून टाकला.

– (प्रश्न विचारणारी) उलटं वाक्य बोलायला लावलं. ‘३ने कमी’ म्हणाली. ‘कोणापेक्षा?’ म्हटल्यावर गप्प झाली आणि ११ खोडून ५ लिहिले. पुढच्या उदाहरणात ‘ने’खाली पेन्सिलीची रेघ दिसतेय. ती मी मारायला सांगितली नव्हती.