दुसऱ्यांचे फोटो बघून डोळा तयार होतो की बिघडतो?

कंग्राळीकर
परवा इथे बेळगावातल्या वडगावच्या एका विणकराच्या मागाचा फोटो टाकला होता. त्याखाली एकाने लिहिलं, 'हे सगळं त्या फ्रेंच फोटोग्राफर कार्टिये-ब्रेसाँचे फोटो बघून आलेलं आहे. दुसऱ्याचे फोटो बघणं बंद करा, डोळा बिघडतो. कॅमेरा घ्या आणि फिरा.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

सहा वर्षं मी फक्त फिरलोच. राजहंसगड, हलशी, शिवजयंतीचे चित्ररथ. हार्ड डिस्क भरली, फोटो तसेच राहिले. फरक पडला तो फोटोग्राफर रघु राय यांच्या एका फोटोवर बटर पेपर ठेवला त्या दिवसापासून. चेहरे, कपडे काही काढायचं नाही. काळं कुठे, पांढरं कुठे, कुठली रेघ कुठे जाऊन थांबते, एवढंच. मग क्षितिज शोधायचं. सपाट जमिनीवर ते उभ्या माणसांच्या कमरेवरून गेलं असेल तर कॅमेराही कमरेइतक्याच उंचीवर होता. सावलीवरून ऊन कुठून येतंय ते कळतं. असे तीसेक कागद झाले तेव्हा ध्यानात आलं की मी आजवरचे सगळे फोटो उभ्यानेच काढलेत. वडगावात त्या दिवशी खाली बसलो तो त्या कागदांमुळे. बसल्यावर ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, डोळ्यांच्या रेषेत आला आणि पलीकडे विणकराचे दोन हात दिसले, तेवढेच. हे फिरून शिकलो नसतो.

टिळकवाडी
ती कमेंट माझीच, आणि मागे घेत नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत कुणालाही पाठवा. १२०४ सालचं जैन देऊळ. जाणारा प्रत्येक जण छतातल्या कमळाचा बरोबर मधोमध फोटो काढून परत येतो, कारण तसा फोटो त्याने आधी बघितलेला असतो. गोकाकच्या धबधब्याला तेच. पावसाळ्यात ५२ मीटरवरून गढूळ पाणी गर्जत पडतंय, आणि फोटोत सगळ्यांच्या ते दुधासारखं पांढरं, गुळगुळीत. बघितलेलं डोक्यात बसलं की समोरचं दिसत नाही. कार्टिये-ब्रेसाँ कुणाचे फोटो गिरवत बसला होता? तो तर काढलेल्या फोटोच्या कडा कापायचाही नाही. जे काय ते जागेवर बघायचा.

कंग्राळीकर
मार्टिन मुंकाची या फोटोग्राफरचा फोटो बघूनच ब्रेसाँला कॅमेऱ्याचं वेड लागलं. टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणारी तीन पोरं. हे तो स्वतः सांगायचा. त्याआधी आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्रकला शिकला होता. आणि कापायचा नाही म्हणता, तर पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागचा, पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा तो फोटो कापलेलाच आहे. कुंपणाच्या फटीतून काढला, डाव्या बाजूला फळी आली होती.

टिळकवाडी
कापल्याचं माहीत नव्हतं, मान्य. म्हणून तुमचं सगळं खरं ठरत नाही. एका फोटोने पेटून उठणं वेगळं, तीस फोटो गिरवणं वेगळं.

निपाणी स्टुडिओ
गिरवण्याचं आम्हाला विचारा. लग्नाचं गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, 'अगदी अस्साच पाहिजे.' फोटो लडाखचा, लग्न मे महिन्यात निपाणीत. मागच्या वर्षी एका जोडप्याला म्हटलं, शेजारच्या तंबाखूच्या वखारीच्या दारात उभे राहा, तिथे उजेड फार सुंदर आहे. वडील भडकले, वखारीत आमची मुलगी? शेवटी हॉलच्या गच्चीवर हात पसरून फोटो झाला, आणि तो लडाखसारखा आला नाही म्हणून माझे पैसे कापले. बावीस वर्षं या धंद्यात आहे. सगळी वाट या बघण्याने लावली.

वडगाव गल्ली
तुमचं चालू दे ओ, पण ते दोन हात आमच्या बाबांचे आहेत. वर्षाला पाच-सहा जण येतात. 'जरा थांबा, जरा लाईट बंद करा.' माग थांबला की मजुरी थांबली. आजवर एकानेसुद्धा फोटो आणून दिलेला नाही. काल मोबाइलवर बाबांना दाखवला. त्यांना उजेड नाही दिसला की रेघ नाही दिसली. पहिलं काय म्हणाले? 'डावीकडं ताण्याचे दोन धागे तुटून लोंबताहेत. एवढा वेळ समोर बसला होता, सांगायचं तरी.' त्या दिवशीच्या साडीत दोन रेघा पडल्या होत्या.

टिळकवाडी
झालं की. माग ओळखणाऱ्याला धागा दिसला, बटर पेपरवाल्याला नाही.

कंग्राळीकर
लाईट उगाच बंद करायला लावली नव्हती. ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, शटर १/१००० ला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला ठेवलं की फोटोत पट्टे येतात. आणि प्रिंट देणारच होतो.

खानापूरची बाई
'देणारच होतो' हे सगळेच म्हणतात. लोंढ्याला माझ्या आजीचा फोटो एकाने काढला. प्रदर्शनात लागला, बक्षीसही मिळालं म्हणे. आजी गेली तेव्हा हार घालायला घरात एक फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून लावलाय, नाक-डोळे नीट ओळखू येत नाहीत. रोज शाळेत जाताना त्याच्या पाया पडते. ट्यूब किती वेळा लुकलुकते ते मला सांगू नका.

निपाणी स्टुडिओ
बाई, दुःख समजतं. पण प्रिंटला खर्च येतो, फुकट कोण किती वाटणार?

वडगाव गल्ली
आणि माग फुकट थांबतो होय?

कंग्राळीकर
चूक माझी आहे. शटर १/१०० ला आणलं असतं तर लाईट चालू ठेवून जमलं असतं, तेवढा विचार केला नाही. रविवारी आठ बाय बाराची प्रिंट घेऊन येतो. बाबांना म्हणावं, ते दोन धागे मी आत्ता फोटो मोठा करून शोधले, डाव्या कोपऱ्यात आहेत. माझ्याच फोटोत मला दिसले नव्हते. त्या प्रिंटवर पण बटर पेपर ठेवणार आहे, शेजारी बाबांना बसवून.

टिळकवाडी
ठेवा. याला माझी हरकत नाही. पण शिकवणारा विणकर आहे, ब्रेसाँ नव्हे, एवढं लिहून ठेवा.

वडगाव गल्ली
रविवारी माग बंद. सोमवारी अकराच्या आत या. बाबा म्हणतात हात झाले, आता तोंड दिसेल असा पण एक काढा. लाईट चालू राहणार.