मदत हवी आहे: नर्स म्हणून युके की अमेरिका? मुलगा ११ वर्षांचा आहे

नमस्कार मंडळी, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, जळगावला प्रायव्हेटमध्ये ९ वर्षं आयसीयूत. मिस्टर रावेरला केळी बघतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सगळीकडे ७ च्या वर आले पण रायटिंगला ६ वरच अडकले, युकेत नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसीला ६.५ लागतात, म्हणजे अर्ध्या मार्कासाठी परत फी भरा! दोन वेळचे मार्क जोडून चालतात म्हणतात, कोणी तसं केलंय का?

एक एजंट ३ लाख मागतोय आणि म्हणतो आधी केअर वर्कर (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणारी) म्हणून जा, घरच्यांना मागून बोलवा. अहो पण ११ मार्च २०२४ पासूनच नव्या केअर वर्करना नवरा-मुलं नेता येत नव्हती, आणि जुलै २०२५ पासून तर बाहेरून नवे केअर वर्कर घेणंच बंद झालंय ना, रजिस्टर्ड नर्सला मात्र घरचे नेता येतात. बरोबर बोलतेय ना मी? त्याला हेच विचारलं तर फोनच ठेवून दिला.

मैत्रीण म्हणते सरळ एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सच्या लायसन्सची परीक्षा) दे, अमेरिकेत ग्रीनकार्डसोबतच नवरा आणि २१ च्या आतली मुलं येतात. पण नर्सना ज्यातून ग्रीनकार्ड मिळतं त्या ईबी-३ ची भारतीयांची लाईन दहा वर्षांच्या वर आहे, तोवर पोरगा २१ चा झाला तर? आई-वडिलांना तर सिटीझन झाल्यावरच बोलवता येतं. सासूबाई कळण्याची भाकर थापता थापता म्हणाल्या, "तू जाय वं माय, पन पोऱ्याले मांगे ठेवू नको."

मुलाच्या वयाचं अमेरिकेवाले नेमकं कसं मोजतात? आणि युकेत ओएससीई (तिथे गेल्यावर द्यायची नर्सची प्रॅक्टिकल परीक्षा) व्हायच्या आधीच घरचे सोबत नेले की नंतर? खान्देशातल्या कोणी गेलेल्या ताई असतील तर प्लीज सांगा, एजंटांनी मेसेज करू नका.