कात्रण म्हणजे कचरा नव्हे

गोदाकाठ (नांदेड)
परवा तिकीट-संग्राहकांच्या या चर्चेत एका ज्येष्ठ संग्राहकांनी लिहिले की, पोस्टकार्डावर किंवा पाकिटावरच छापलेली (वेगळी न चिकटवलेली) आणि तिथून कापून घेतलेली तिकिटे, म्हणजेच कात्रणे, हा कचरा असून नवख्यांनी ती वहीतून काढून टाकावीत. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. माझी वही मामांकडून आली. ते कंधार तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते आणि नातेवाइकांच्या पत्रांवरची तिकिटे कापून खळीने चिकटवणे एवढेच त्यांना परवडत होते. त्या काळी असे संग्रह सर्वत्र होत. अमेरिकेच्या तिकिटांच्या कॅटलॉगमध्ये अशा चौकोनी कात्रणांची किंमत आजही अखंड पाकिटांपासून वेगळी दिलेली असते. आपल्याकडे उठावाच्या (दाबून उंच उठवलेल्या चित्राच्या) तिकिटाची पाकिटे 1856 मध्ये आणि पाव आण्याचे पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी आले. त्यांतले जे कात्रणरूपाने उरले आहे, ते ओळखायला शिकवायचे सोडून फेकायला सांगणे मला पटत नाही.

ओळखणे अवघडही नाही. कडेला दाते नसतात, पाठीला डिंक नसतो, कार्डाचा तुकडा असेल तर तो बोटांना जाड लागतो आणि पाठीवर बहुतेकदा मजकुराची शाई सापडते. उठावाचे तिकीट उलटे करून अंगठा फिरवला, तर व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याचा खोलगटपणा स्पष्ट जाणवतो. असे कात्रण पाण्यात मात्र कधीही टाकू नये, कारण उठाव बसून जातो.

बालाघाट (अंबाजोगाई)
ते मत माझेच होते आणि मी त्यावर ठाम आहे. निजामाचे टपाल संस्थानापुरतेच चाले. बीडहून पुण्याला पत्र धाडायचे, तर इंग्रजांचे तिकीट लागे. त्यामुळे अखंड कार्डावरचा पत्ता, मोमिनाबादचा (म्हणजे आमच्या अंबाजोगाईचा) शिक्का आणि छापील तिकीट एकत्र पाहिले, म्हणजेच त्या कार्डाचा प्रवास कळतो. कात्रीने यातले तिकीट तेवढे ठेवले आणि उरलेले चुलीत घातले. माझ्याच चुलत्यांनी आमच्या वाड्यातल्या ट्रंकेतली जवळजवळ सगळी कार्डे अशी कापली. उरलेल्या तुकड्यांत मोडीतला मजकूर होता. हे दुःख ज्याच्या घरात झाले आहे, त्याला कात्रणाचे कौतुक सांगू नये.

परभणीचा वाचक
बालाघाट, आपला संताप समजतो, परंतु मूळ धोका फसवणुकीचा आहे. मागे एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला पाकिटावरचा तुकडा काठोकाठ कापून 'बिनदात्यांचे दुर्मीळ तिकीट' म्हणून विकला आणि मी दोन महिन्यांचा जेबखर्च त्यात घालवला. ब्रिटनच्या 1847 पासूनच्या उठावाच्या तिकिटांतही हाच घोळ होतो. तिथे 10 पेनी आणि 1 शिलिंगच्या खऱ्या तिकिटाच्या कागदात रेशमाचे धागे असतात. पाकिटावरून कापलेल्या तुकड्यात ते नसतात. कात्रण ठेवा, पण त्याखाली 'कात्रण' असे लिहून ठेवा.

सेलूची लेक
अखंड पत्र ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या सर्वांना मला एक प्रश्न विचारायचा आहे. पत्र कोणाचे असते? माझ्या आजीने माहेरी लिहिलेली आंतर्देशीय पत्रे आमच्याकडे होती. त्यांत तिचे आजारपण होते, दागिने गहाण ठेवल्याची हकिगत होती आणि धाकट्या जावेबद्दलचे दोन कडवट शब्दही होते. एका संग्राहकांनी ती अखंड मागितली. मी तिकिटे कापून दिली आणि पत्रे ट्रंकेत परत ठेवली. ते गृहस्थ माझ्यावर रागावले; इतिहासाचा नाश केला, असे म्हणाले. माझ्या आजीचे दुखणे परक्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून प्रदर्शनात लावणे, यालाच इतिहास म्हणायचे का?

बालाघाट (अंबाजोगाई)
ताई, पत्रे आपण राखलीत, म्हणून आपल्याला दोष देत नाही. पण शेकडा नव्वद घरांत पत्रे राखत नाहीत, रद्दीवाल्याला किलोवर देतात.

सेलूची लेक
हा 'शेकडा नव्वद' आकडा आपण कुठून आणलात? आणि रद्दीत आपली पत्रे विकली गेली, तर ती विकत घेऊन वाचणारे कोण असतात, हेही एकदा लिहा. आपण लोक ती घेता आणि वर आम्हालाच ऐकवता.

बालाघाट (अंबाजोगाई)
आकडा माझ्या मनाचा होता, तो मागे घेतो. रद्दीतली पत्रे मी घेतो हेही खरे आहे, आणि ती वाचतो, कारण वाचल्याशिवाय काळ ठरत नाही. कुटुंब हयात असेल तर विचारून घ्यावे, हे आपले म्हणणे मला जड जाते, पण ते चूक आहे असे म्हणता येत नाही.

गोदाकाठ (नांदेड)
चर्चा पत्रांच्या मालकीवर गेली, तरी माझा मुद्दा उरतोच. जे कापून झाले आहे, त्याचे काय करायचे? निजामाच्या तिकिटांवर फारसी, इंग्रजी, तेलुगूबरोबर मराठी अक्षरेही आहेत आणि माझ्या मामांच्या वहीत तशी सात कात्रणे आहेत. आज मी कोणालाही नवीन कार्ड कापू देणार नाही, एवढे बालाघाट यांचे मान्य आहे. परंतु ही सात मी टाकणार नाही. त्यांतल्या एका कार्डाच्या तुकड्याच्या पाठीवर मोडीच्या दोन अर्धवट ओळी आहेत, त्या मला वाचता येत नाहीत. फोटो जोडला आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)
फोटो मोठा करून पाहिला. वरच्या ओळीत 'ज्वारी' आणि खालच्या ओळीत 'पाऊस नाही' एवढे निश्चित लागते. त्यापुढचे अक्षर 'म' आहे, पण तिथेच कात्री लागली आहे. कोणी लिहिले, कोणत्या गावाहून, कोणत्या साली, यांतले काहीच उरलेले नाही. तुकडा टाकू नका. आणि पाठीवर खळ लावून तो पुन्हा वहीत चिकटवू नका; त्या ओळी वर दिसतील असा ठेवा.